सायकलस्वाराची फिर्याद

मोटार सायकलस्वाराला न शिवतां, पण कोपराला वारा लागेल इतक्या जवळून निघून जाते. रक्त नाहीं, ओरखडा नाहीं. मग फिर्याद कशाची द्यावयाची? इंग्लंडांतील वेस्ट मिडलंड्स पोलिसांनीं २०१६ सालीं साध्या वेषांतील शिपाईच सायकलवर बसवून रस्त्यावर धाडले. जो चालक खेटून जाई त्याला पुढें अडवून, जमिनीवर चटई अंथरून योग्य अंतर दाखवीत. फारच बेफाम निघाला तर खटला भरीत.

२०२२ पासून तेथील वाहतूक-नियमावलींत ताशीं ३० मैल वेगापर्यंत निदान दीड मीटर अंतर सांगितलें आहे. वेग अधिक, तर अंतरहि अधिक.

आतां पुष्कळ सायकलस्वार शिरस्त्राणावर लहानसा कॅमेरा बसवितात व त्याची चित्रफीत पोलिसांकडे पाठवितात. परंतु मेख पुढेंच आहे. चालकाला जागच्या जागीं इशारा दिलेला नसेल, तर खटल्याची नोटीस बहुधा गाडीच्या नोंदलेल्या मालकावर १४ दिवसांच्या आंत बजवावी लागते. फिर्यादी आठवडाभर नुसता धुमसत बसला, तर पोलिसांच्या हातीं उरतें काय? नोटीस वेळेवर गेली म्हणजे मात्र गाडी कोण चालवीत होता हें मालकाला सांगावेंच लागतें. मग चालकाला शिक्षणवर्ग, १०० पौंड दंड व परवान्यावर तीन गुण, किंवा न्यायालय.

चित्रफीत काटछांट न करतां द्यावयाची असते. कॅमेऱ्याला पक्षपात ठाऊक नाहीं. तांबडा दिवा ओलांडणारा फिर्यादीहि तींत सांपडतो. आणि चालकानें गुन्हा नाकबूल केला, तर त्याच फिर्यादीला साक्षीसाठीं न्यायालयांत उभें राहण्याची पाळी येते.