गोव्याला चाललोय... सायकलवर!

२००१ मध्ये ‘दिल चाहता है’ आला आणि मित्रांसोबत गाडी काढून गोवा गाठणं हे प्रत्येक ग्रुपचं स्वप्न झालं. हल्ली मात्र ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक भलताच प्लॅन शिजताना दिसतो. गोव्यालाच जायचं, पण सायकलवर! मागून बॅकअप गाडी नाही, टूर कंपनी नाही. कपडे, टूल्स, पाणी, औषधं सगळं स्वतःच्या सायकलवर लादायचं आणि निघायचं. सायकलवाल्यांच्या भाषेत याला म्हणतात ‘सेल्फ-सपोर्टेड टूर’.

ऐकायला एकदम कूल. पण सलग दहा दिवसांची रजा आपल्याला वर्षातून एकदाच मिळते, तीही बॉसच्या मागे लागून. ती तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसण्यात घालवायची नसेल तर तयारीला तीन महिने द्याच.

वेड तसं जुनंच

हे फॅड नवं आहे असं वाटत असेल तर थांबा. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले होते. त्यातल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती पूर्ण केली आणि मार्च १९२८ मध्ये ते मुंबईत परतले. ना जीपीएस, ना गिअर! आणि २०१८ मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने विशीतच सुमारे २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा बॅकअपशिवाय केली. त्यापुढे आपला गोवा म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावरचं दुकान.

हायवे नको, किनारा धरा

मुंबई-गोवा हायवे जवळचा आहे, पण ट्रक आणि लक्झरी बसेसच्या गर्दीत सायकलची मजा राहत नाही. त्यापेक्षा लाँचने किंवा रो-रोने मांडवा गाठा आणि किनाऱ्याने खाली सरका. मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला आणि मग तेरेखोल. वाटेत आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी लागतात. त्यांच्या वेळा आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी विचारून ठेवा. एक बोट चुकली की दिवसाचं गणित कोलमडतं.

आता खरी गोष्ट. समुद्रकाठचा रस्ता म्हणजे सपाट, हा गैरसमज घरीच ठेवून निघा. कोकणात प्रत्येक खाडीपाशी रस्ता खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढतो. सड्यावर सावलीला झाड नाही. त्यामुळे पुणे-लोणावळा एका दमात मारणाऱ्यांनीही इथे दिवसाला ५० ते ७० किलोमीटरच धरावेत. एकूण अंतर पाचशे ते सहाशे किलोमीटर, म्हणजे साधारण नऊ दिवस चालवायचं आणि एक दिवस हातात राखून ठेवायचा. सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उजाडताच निघा आणि अकरा-साडेअकराला सोलकढीपाशी थांबा!

बॉडी बनाओ

जिममधलं कार्डिओ चांगलंच, पण सीटवर पाच तास बसायची सवय सीटवर बसूनच लागते. पहिला महिना आठवड्यातून तीन दिवस, तासभर. दुसऱ्या महिन्यात वीकेंडची राइड थोडी थोडी वाढवा. उगाच एकदम डबल करू नका. तिसऱ्या महिन्यात शनिवार-रविवार लागोपाठ चालवा. दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा सीटवर बसणं, हीच या टूरची खरी परीक्षा.

शेवटची रिहर्सल पूर्ण सामान लादून करा. मुंबईकरांसाठी मांडवा-मुरूड आणि परत, मस्त वीकेंड. पुणेकरांना ताम्हिणी आहेच. सामान लादल्यावर सायकल वळणावर कशी वागते आणि उतारावर ब्रेक कधी दाबावा लागतो, हे तेव्हाच कळतं.

सायकल महागडी हवी का?

अजिबात नाही. साध्या फ्रेमची, मागे कॅरिअर बसेल अशी आणि चढासाठी पुरेसे हलके गिअर असलेली सायकल बेस्ट. बारीक टायरची रेसर टाळा. निघण्याआधी दुकानात सर्व्हिसिंग करून घ्या आणि मेकॅनिकच्या शेजारी बसून पंक्चर काढणं, चेन जोडणं, ब्रेकची वायर बदलणं शिका. सीटची उंची नीट लावून घ्या. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. गुडघेदुखीच्या अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

बॅगेत काय?

* दोन ट्यूब, पंक्चर किट, टायर लिव्हर, पंप, मल्टिटूल, चेनचं तेल
* ब्रेक आणि गिअरच्या जादा वायरी, चिकटपट्टी, झिप टाय
* पुढचा-मागचा लाइट, हेल्मेट, पॉवर बँक
* पाण्याच्या तीन बाटल्या, ओआरएस, सुकामेवा, चिक्की
* सायकलिंगच्या शॉर्ट्स आणि टी-शर्टचे दोन जोड, संध्याकाळचा एक
* फर्स्ट एड, सनस्क्रीन, ओळखपत्र आणि कॅश. रेंज गेली की यूपीआय झोपतं!

पाठीवर सॅक नको. जड वस्तू दोन्ही बाजूंच्या पॅनियरमध्ये, तळाला आणि समान वजनाने. सगळं मिळून दहा-बारा किलोंच्या आत बसलं पाहिजे. माझ्या एका मैत्रिणीने श्रीवर्धनच्या पोस्टातून जीन्स, हेअर ड्रायर आणि एक जाडजूड कादंबरी पार्सल करून घरी पाठवली होती. ‘त्यानंतरचे चढ निम्मे झाले,’ असं ती अजून सांगते.

थांबायचं कधी, हे आधीच ठरवा

बॅकअप नाही म्हणजे निर्णय तुमचाच. म्हणून निघण्याआधीच ग्रुपमध्ये बसून नियम ठरवा. अंधारात चालवायचं नाही. चक्कर आली, मळमळलं की लगेच सावली, पाणी आणि आराम. सगळ्यात हळू चालवणाऱ्याच्या स्पीडने सगळे जाणार. याच मैत्रिणीचा गुडघा दाभोळच्या चढावर बोलायला लागला, तेव्हा तिने गुहागरला पूर्ण दिवस झोप काढली आणि पुढचा एक टप्पा चक्क टेम्पोत सायकल टाकून गाठला. ग्रुपमधल्या एकाने ‘हे चीटिंग’ म्हणून नाक मुरडलं. पण पाचव्या दिवशी दुखणं लपवून चालवणारा तो घरी परतला आणि ती तेरेखोलला पोहोचली.

घरच्यांनाही प्लॅन कागदावर लिहून द्या. कुठला मुक्काम, कुणाचा फोन नंबर, किती वाजता कॉल. ‘आई, काळजी करू नकोस’ या वाक्यापेक्षा रोज संध्याकाळी सातचा फोन आईला जास्त पटतो.

परतीची सोय? मडगावच्या पार्सल ऑफिसात सायकल बुक करा आणि ट्रेनमध्ये ताणून द्या. त्यासाठी स्टेशनवर दोन-तीन तास आधी पोहोचा. सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं, ‘गोव्यात काय केलंस?’ तर सांगा, ‘फार काही नाही. वाटेतच सगळं झालं!’