शाळेत सक्ती केली की भाषा वाचते?

मराठी भाषेच्या काळजीने भरलेल्या चर्चांमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'आयर्लंडकडे बघा! शाळेत आयरिश सक्तीची केली आणि भाषा वाचवली.' बोलणाऱ्याची तळमळ खरी असते, म्हणून मी बरेचदा गप्प बसलो. पण उदाहरणच चुकीचं असेल, तर त्यातून घेतलेला धडाही चुकीचाच निघणार.

आयर्लंडचं स्वतंत्र राज्य १९२२ मध्ये उभं राहिलं आणि शाळांत आयरिश सक्तीची झाली. १९३७ च्या राज्यघटनेने तिला पहिली राजभाषा ठरवलं. म्हणजे सक्तीला आता शंभर वर्षं झाली. २०२२ च्या जनगणनेत १८ लाख ७३ हजारांवर लोकांनी 'आयरिश येते' असं सांगितलं, जवळपास ४० टक्के. आपले वक्ते इथेच थांबतात. अहो, पुढचा रकानाही वाचा! शाळा-कॉलेजाबाहेर रोज आयरिश बोलणारे किती? ७१,९६८. पन्नास लाखांच्या देशात एवढेच.

तेरा-चौदा वर्षं शिकून असं का व्हावं? कारण बहुतेकांसाठी ती एक विषय होती. तास संपला की इंग्रजी, मैदानावर इंग्रजी, घरी इंग्रजी. सक्ती वाया गेली असं मी म्हणत नाही. तिच्यामुळे भाषेची ओळख घराघरांत राहिली. पण ओळख असणं वेगळं आणि त्या भाषेत भांडणं, रुसणं, लाड करणं वेगळं.

याउलट बेलफास्ट बघा. तिथे ब्रिटिश राज्य, तेव्हा आयरिशला ना सक्ती होती ना दर्जा. १९६९ च्या सुमारास काही मोजक्या जोडप्यांनी शॉज रोडवर शेजारी शेजारी घरं बांधायला घेतली. त्यातल्या बहुतेकांनी आयरिश मोठेपणी शिकून घेतली होती. मुलांच्या कानावर अंगणातही तीच पडावी, एवढाच हेतू. १९७१ मध्ये त्यांनी नऊ मुलांची शाळा काढली. तिथे आयरिश हा विषय नव्हता, माध्यम होतं. सरकारी मान्यता नाही, म्हणून पालक वर्षानुवर्षं वर्गणी गोळा करत राहिले. अनुदान १९८४ मध्ये मिळालं. आज बेलफास्टमध्ये आयरिश माध्यमाचं माध्यमिक शिक्षणही मिळतं.

वेल्समध्येही पहिली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा १९३९ मध्ये अ‍ॅबरिस्टविथला सात मुलांवर सुरू झाली. 'अशाने मुलांचं इंग्रजी कच्चं राहतं' ही भीती तिथेही होती. त्या शाळांतली मुलं दोन्ही भाषा सफाईने बोलतात. तरी वेल्समध्ये सगळं आलबेल नाही. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे १७.८ टक्के निघाले, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. शाळेतून बाहेर पडलेल्या तरुणाला दुकानात, कचेरीत, मित्रांत ती बोलायला मिळाली नाही, तर शाळा तरी किती पुरी पडणार?

बाकीचे गैरसमज लवकर आटपतो. आयरिश आणि वेल्श या इंग्रजीच्या बोली नाहीत. इंग्रजी जर्मनिक शाखेतली, या केल्टिक. वेल्शमध्ये दहाला 'देग' म्हणतात; आपल्या 'दश'शी त्याचं लांबचं नातं आहे. सगळे केल्टिक भाषक एकमेकांचं बोलणं समजतात, हेही खरं नाही. वेल्श माणसाला आयरिश शिकावीच लागते.

आणि शेवटचा माणूस गेला की भाषा कायमची संपते, असं म्हणणाऱ्यांनी आयल ऑफ मॅन बेटाकडे बघावं. तिथली मँक्स ही मातृभाषा असलेले शेवटचे गृहस्थ, नेड मॅडरेल, १९७४ मध्ये वारले. पण शिकून बोलणाऱ्यांनी भाषा सोडली नाही, आणि २००१ मध्ये तिथे मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू झाली. युनेस्कोने २००९ मध्ये मँक्सला 'नामशेष' ठरवलं, तेव्हा त्या शाळेतल्या मुलांनी मँक्समध्येच पत्रं लिहून विचारलं की, आमची भाषा मेली असेल, तर हे आम्ही कोणत्या भाषेत लिहितोय? युनेस्कोला तो शेरा बदलावा लागला.