सोपारा, वसई आणि जागतिक अर्थव्यवस्था

१९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर ‘जागतिकीकरण’ हा शब्द आपल्याकडे रूढ झाला. परंतु जगाशी व्यापार ही वसई तालुक्याला नवी गोष्ट नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात सोपाऱ्याचा उल्लेख येतो. कार्ले लेण्यात सोपारकाच्या सातिमित या भाणकाने दिलेल्या स्तंभाचा लेख आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उत्खनन करून प्रकाशात आणला. बंदर आणि विहार येथे शेजारी नांदले. म्हणून व्यापार असावा की नसावा, हा प्रश्न नाही. तो कोणाच्या अटींवर चालतो, हा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे शास्त्रीय विवेचन इमॅन्युएल वॉलरस्टीन यांनी १९७४ पासून केले. त्यांच्या मते सोळाव्या शतकात युरोपभोवती एक जागतिक अर्थव्यवस्था उभी राहिली. तिच्यात परिघावरचे प्रदेश कच्चा माल व स्वस्त श्रम पुरवितात आणि संपत्ती केंद्राकडे साचते. आंद्रे गुंडर फ्रँक यांनी १९६७ मध्येच दाखविले होते की, अविकास ही मूळ अवस्था नसून विकासाच्या याच प्रक्रियेने तो घडविला जातो. पुढे १९९८ मध्ये त्यांनीच युरोपकेंद्री मांडणीवर टीका केली व इ. स. १८०० पर्यंत आशियाच या व्यापारात अग्रेसर होता, असे प्रतिपादन केले.

वसईचा इतिहास या सिद्धांताला पडताळा देतो. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी समुद्रावर ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्याची सक्ती केली. परवाना नसलेले जहाज जप्त होई. गोव्याच्या बॉम जेझस चर्चच्या दर्शनी भागाला वसईचा दगड गेला. इंग्रजी अमलातील संपत्तीच्या अपहरणाची मांडणी दादाभाई नौरोजी यांनी १९०१ च्या ग्रंथात केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९१५ च्या आपल्या एम. ए. प्रबंधात ईस्ट इंडिया कंपनीच्या अर्थकारणाची चिकित्सा केली.

परंतु केंद्र नेहमी सातासमुद्रापलीकडेच असते असे नाही. वसईच्या विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती लढली. आज मात्र सूर्या प्रकल्पातून येणाऱ्या ४०३ दशलक्ष लिटर दैनिक पाण्यापैकी १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी ठरले आहे. डहाणू-पालघरच्या आदिवासी शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, धामणी धरण त्यांच्या सिंचनासाठी बांधले होते. काल जो परिघ होता, तोच आज दुसऱ्याचे केंद्र बनला आहे. शहरातील तहानलेला कामगार दोषी नाही. पण त्याच्या नळाचे पाणी कोणाच्या शेतातून वळविले, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

१९५६ साली, धम्मदीक्षेच्याच वर्षी, वसईजवळील भुईगाव येथे सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन आणि प्राणिमात्रांविषयी संयम, हेच खरे मंगल, असे त्या लेखाचे सांगणे आहे. सोपाऱ्याच्या बाजारपेठेलगत कोरलेली ही कसोटी जुनी झालेली नाही. ज्या व्यवस्थेत श्रम करणारा आणि पाणी देणारा दोघेही उपाशी राहतात, ती कितीही जागतिक असली तरी मंगल नव्हे, असे आम्हांस वाटते.