पोटात जोराची कळ आली तर थांबू नका : दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल



मागच्या हंगामात आपल्या एका होडीवरच्या पोराला संध्याकाळी बेंबीभोवती दुखू लागलं. त्याने गोळी घेतली आणि जाळं टाकायला गेला. सकाळी दुखणं पोटाच्या उजव्या बाजूला खाली उतरलं, ताप आला. घरच्यांनी बेंबी सरकली म्हणून पोट चोळलं. तिसऱ्या दिवशी इंदूरला नेलं तोवर अपेंडिक्स फुटलं होतं. पोट उघडून ऑपरेशन करावं लागलं. पोरगा वाचला, पण हंगाम गेला आणि कर्ज झालं. लवकर गेला असता तर बहुतेक दुर्बिणीतून काम झालं असतं. म्हणून ही माहिती.

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे काय?
पेशंटला पूर्ण भूल देतात. बेंबीजवळ छोटं छिद्र पाडून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, म्हणजे आत बघायला जागा होते. त्यातून बारीक कॅमेरा घालतात आणि आतलं सगळं टीव्हीवर दिसतं. आणखी दोन-तीन छिद्रांतून हत्यारं घालून काम करतात. छिद्रं साधारण अर्धा ते एक सेंटिमीटरची असतात.

आपल्या देशात ही पद्धत रुजवण्यात मुंबईच्या डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांचा मोठा वाटा. १९७२ पासून ते जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीने पोटातला आजार शोधत होते. १९९० मध्ये त्यांनी तिथेच दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, ते भारतातलं पहिलं.

तातडीच्या दुखण्यात उपयोग काय?
आधी तपासणी, रक्त, सोनोग्राफी, गरज पडली तर सीटी स्कॅन होतो. तरीही शंका राहिली तर दुर्बिणीने आत बघता येतं आणि बऱ्याचदा त्याच भुलेत इलाजही होतो. बायकांच्या बाबतीत हे फार कामाचं, कारण अपेंडिक्स, अंडाशयाला पडलेला पीळ आणि नळीत राहिलेला गर्भ, तिन्हींचं दुखणं सारखं वाटू शकतं. पाळी चुकली असेल आणि पोटात दुखत असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. लाजू नका.

सुजलेलं पित्ताशय, अल्सर फुटून पडलेलं छिद्र, अडकलेला हर्निया यांतही पेशंट बघून दुर्बीण वापरतात. जड जाळी ओढणाऱ्यांनो, जांघेतली गाठ आत जाईना आणि दुखू लागली तर बंदऋतूची वाट बघू नका. आतडं सडू शकतं.

छेद लहान म्हणून दुखणं कमी, जखम पिकण्याचा धोका कमी, घरी लवकर. साध्या अपेंडिक्सला बहुतेक एक-दोन दिवसांत सुट्टी मिळते. वायूमुळे दोन-चार दिवस खांदा दुखतो, घाबरू नका. जाळं मात्र डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच उचला.

एक गोष्ट लक्षात ठेवा : दुर्बिणीसाठी अडून बसू नका. पेशंटचं बीपी पडलं असेल, आत खूप रक्त गेलं असेल, तर पोट उघडणंच बरोबर ठरू शकतं. दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडावं लागलं तर ती डॉक्टरांची चूक समजू नका. जीव वाचवण्यासाठीच ते तसं करतात.

धार असो की देवास, नर्मदाकाठच्या आपल्या गावांपासून मोठं हॉस्पिटल लांब. म्हणून घरात नि होडीवर एवढं पाळा :

• पोट दगडासारखं कडक, उलट्या थांबेनात, ताप, चक्कर, गॅस-शौच बंद, यांपैकी काही असेल तर लगेच १०८ ला फोन.
• जुलाब, एरंडेल, शेक, चोळणं नको.
• खायला-प्यायला देऊ नका. शेवटचं कधी खाल्लं आणि कोणती गोळी घेतली ते सांगा.
• दुखणं एकदम थांबलं तरी निर्धास्त होऊ नका. अपेंडिक्स फुटल्यावर थोडा वेळ बरं वाटू शकतं.
• आयुष्मान कार्ड जवळ ठेवा. त्यावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत इलाज मिळतो. हॉस्पिटल योजनेत आहे ना, ते विचारून घ्या.

होडीमालकांना विनंती : माणूस पोट धरून बसला तर त्या दिवशी होडी किनाऱ्याला लावा. एक दिवसाची मासळी जाईल, माणूस राहील.

– सचिव, आपली मच्छीमार सहकारी संस्था