आभासीकरण सर्व्हरवरील संयुक्त नेटवर्क जोडणी : दोषांचे स्वरूप आणि दोषनिवारणाची पद्धती

बीजसंज्ञा : आभासीकरण, बॉन्डिंग, ब्रिज, एलएसीपी, दोषनिवारण

प्रस्तावना :
प्रवेशप्रक्रिया, ग्रंथालय, हजेरी, अंतर्गत गुण अशा अनेक कामांसाठी महाविद्यालये आज संगणकीय जाळ्यावर अवलंबून आहेत. पूर्वी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र संगणक ठेवण्याची प्रथा होती. आभासीकरणामुळे एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, चालविणे शक्य झाले. २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएमचा समावेश झाला आणि २००८ मध्ये प्रॉक्समॉक्स व्हीई ही प्रणाली उपलब्ध झाली. त्यामुळे हे तंत्र अल्प खर्चात शैक्षणिक संस्थांच्या आवाक्यात आले.

खर्च कमी झाला, तशी जोखीम एकवटली. सर्व्हरची एकमेव केबल निकामी झाल्यास सर्वच सेवा एकाच वेळी बंद पडतात. हे टाळण्यासाठी दोन नेटवर्क कार्डे एकत्र बांधली जातात. या व्यवस्थेस ‘बॉन्ड’ असे म्हणतात. तथापि जी व्यवस्था दोषापासून संरक्षण देते, तीच दोष झाकूनही ठेवते. या विसंगतीचे स्वरूप व तिच्या निराकरणाची पद्धती स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रचना :
लिनक्सवर आधारित आभासीकरण सर्व्हरमध्ये तीन थर असतात. सर्वांत खाली प्रत्यक्ष नेटवर्क कार्डे, त्यांवर बॉन्ड आणि त्यावर ब्रिज. व्हर्च्युअल मशीन ब्रिजला जोडलेली असतात. सर्व्हरचा आयपी पत्ता सामान्यतः ब्रिजवर द्यावयाचा असतो. तो खालच्या कार्डावर किंवा बॉन्डवर राहून गेल्यास संपर्कात अडथळे येतात.

बॉन्डचे एकूण सात प्रकार असून ते ० ते ६ या क्रमांकांनी ओळखले जातात. त्यांपैकी दोन प्रकार येथे महत्त्वाचे आहेत. प्रकार १ मध्ये एक कार्ड कार्यरत व दुसरे राखीव असते. त्यासाठी स्विचवर विशेष मांडणी लागत नाही. प्रकार ४ मध्ये दोन्ही कार्डे एकाच वेळी काम करतात. मात्र त्यासाठी सर्व्हर व स्विच यांच्यात एलएसीपी या नियमावलीनुसार संवाद व्हावा लागतो. ही नियमावली २००० मध्ये ८०२.३एडी या मानकाने आली व २००८ मध्ये ८०२.१एएक्स या मानकात समाविष्ट झाली.

दोषांचे स्वरूप :
१) सर्व्हर व स्विच यांच्यातील विसंगती : सर्व्हरवर प्रकार १ आणि स्विचवर मात्र दोन पोर्टांचा कायमस्वरूपी गट, अशी मांडणी असल्यास स्विच काही माहिती राखीव कार्डाकडे पाठवितो व सर्व्हर ती टाकून देतो. परिणामी एका विभागातून सेवा उघडते, दुसऱ्या विभागातून उघडत नाही. दोष त्या विभागातील संगणकांत शोधला जातो आणि त्यात वेळ वाया जातो.

२) एकतर्फी एलएसीपी : सर्व्हरवर प्रकार ४ आहे, परंतु स्विचवर एलएसीपी सुरू केलेले नाही. अशा वेळी सामान्यतः एकाच कार्डावरून काम चालते. जाळे सुरू असल्याने कोणास शंका येत नाही. परस्परांशी संलग्न नसलेल्या दोन स्विचांना एकेक केबल जोडल्यासही दोन्ही कार्डांचा एक गट बनत नाही.

३) नावातील बदल : सर्व्हरमध्ये नवीन कार्ड बसविल्यास जुन्या कार्डांची नावे बदलू शकतात. मांडणीच्या फाईलमध्ये जुनेच नाव राहिल्यास ते कार्ड बॉन्डबाहेर राहते.

४) वेगाविषयीची चुकीची अपेक्षा : एक गिगाबिटची दोन कार्डे जोडली म्हणजे एका फाईलची नक्कल दोन गिगाबिट वेगाने होते, असे नाही. प्रकार ४ मध्ये एक संभाषण एकाच केबलवरून जाते. वेगवेगळ्या संभाषणांची विभागणी मात्र होते. याला दोष समजून मांडणी बदलल्यास खरे दोष निर्माण होतात.

तपासणीचा क्रम :
तपासणी खालून वर करावी. प्रथम केबल, स्विचवरील दिवे व ‘एथटूल’ या आज्ञेने दिसणारा वेग पाहावा. नंतर ‘/प्रॉक/नेट/बॉन्डिंग’ या ठिकाणी बॉन्डच्या नावाची फाईल वाचावी. तीत प्रत्येक कार्डाची स्थिती व जोडणी किती वेळा तुटली याची संख्या मिळते. प्रकार ४ मध्ये दोन्ही कार्डांचा गटक्रमांक समान असावा. तो भिन्न असल्यास गट बनलेला नाही. समोरच्या यंत्राचा मॅक पत्ता सर्व शून्यांचा दिसल्यास स्विचकडून एलएसीपीचे उत्तर येत नाही, असे समजावे.

त्याच फाईलमध्ये जोडणी तपासण्याचा कालावधी दिसतो. तो सामान्यतः १०० मिलिसेकंद ठेवतात. प्रकार १ मध्ये तो शून्य असून अन्य तपासणीही नसल्यास केबल तुटल्याचे बॉन्डला कळत नाही. तसेच ही तपासणी सर्व्हर ते स्विच एवढ्याच टप्प्याची असते. स्विचच्या पुढील दोष तीत दिसत नाही. म्हणून शेवटी व्हर्च्युअल मशीनमधून राउटरपर्यंतचा संपर्कही तपासावा.

प्रत्यक्ष चाचणी :
मांडणी बरोबर दिसणे व ती संकटात टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. यासाठी सुटीच्या दिवशी, सर्व्हरला थेट कीबोर्ड व मॉनिटर जोडून, पहिली केबल काढावी व सेवा सुरू राहते का ते पाहावे. केबल परत लावून फाईलमधील स्थिती पूर्ववत झाल्यावरच दुसरी काढावी. नेटवर्कवरूनच नेटवर्कची मांडणी बदलणे टाळावे. एका चुकीने सर्व्हरशी असलेला संपर्कच तुटतो.

निष्कर्ष :
१) बॉन्डमधील पहिला बिघाड बहुधा लक्षात येत नाही, दुसऱ्या बिघाडाच्या वेळी सर्व सेवा बंद पडतात.
२) बहुसंख्य दोषांचा उलगडा सर्व्हर व स्विच यांची मांडणी शेजारी ठेवून पाहिल्यास होतो.
३) स्विचवर नियंत्रण नसल्यास किंवा स्वतंत्र तंत्रज्ञ नसल्यास प्रकार १ अधिक सुरक्षित ठरतो.
४) जोडणी तुटल्याच्या संख्येची नियमित नोंद व प्रत्येक सत्रापूर्वी केबल काढून चाचणी या दोन साध्या सवयी प्रवेशाच्या किंवा परीक्षेच्या दिवशीचा खोळंबा बऱ्याच अंशी टाळू शकतात.

सारांश, दुसरी केबल लावल्याने सुरक्षितता मिळत नाही. ती चालते हे वेळोवेळी पडताळल्याने मिळते.