तुंबलेली मोरी

स्वयंपाकघरातील सिंकमध्ये पाणी साचते. ते खाली जातच नाही. पाण्यावर तेलाचा तवंग आणि भाताची शिते तरंगतात. थोड्याच वेळात दुर्गंधी सुटते. अशा वेळी पुष्कळ घरांत दुकानातून तीव्र रसायन आणून मोरीत ओततात. हा उपाय योग्य आहे का? ते ठरवण्यापूर्वी मोरी का तुंबते, हे समजून घेऊ या.

सिंकच्या खाली वाकून पाहा. पाइप सरळ खाली गेलेला नसतो. तो वळलेला असतो किंवा तिथे बाटलीच्या आकाराचा भाग बसवलेला असतो. या भागात नेहमी थोडे पाणी राहते. ते पाणी बंद दारासारखे काम करते. त्यामुळे गटारातील घाण वास घरात येत नाही. इ. स. १७७५ मध्ये लंडनमधील घड्याळे बनवणारे अलेक्झांडर कमिंग यांनी शौचालयासाठी अशा वळणाच्या पाइपाचे पेटंट घेतले. तीच युक्ती आज आपल्या सिंकखाली आहे.

हे वळण उपयोगी आहे; पण कचराही तिथेच अडकतो. तूप आणि चरबी गरम असताना पातळ असतात, थंड झाल्यावर थिजतात. बकरी ईदच्या दिवसांत मटणाची पातेली धुतली, की चरबी पाइपात जाऊन थिजते. तिला चहाचा चोथा आणि शिते चिकटतात. न्हाणीघरात केस आणि साबणाचा मळ मिळून असाच गोळा तयार होतो.

आता रसायनाचा विचार करू. अशा पुष्कळ रसायनांत कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्यात पडला, की पाणी खूप तापते. त्याचा थेंब उडाला तर त्वचा भाजते. डोळ्यांत गेला तर दृष्टीही जाऊ शकते. काही लोक ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकतात. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. आणखी एक धोका आहे. मोरी मोकळी झाली नाही, तर ते रसायन वळणातच साचून राहते. मग पाइप उघडणाऱ्या कारागिराचे हात भाजतात.

खाण्याचा सोडा आणि सिरका एकत्र टाकावा, असेही सांगतात. त्याचा फेस खूप येतो. पण हे दोन्ही पदार्थ एकमेकांचा जोर नाहीसा करतात. घट्ट बसलेला गोळा त्या फेसाने निघत नाही.

मग काय करावे? पाणी हळूहळू जात असेल, तर भांडी घासण्याचा साबण आणि गरम पाणी ओतावे. पाइप प्लॅस्टिकचा असेल, तर उकळते पाणी ओतू नये. त्याने पाइप नरम पडतो. पाणी अजिबात जात नसेल, तर लाकडी दांड्याचा रबरी पंप वापरावा. रबराची वाटी बुडेल एवढेच पाणी ठेवावे. सिंकच्या कडेला दुसरे छिद्र असल्यास ते ओल्या फडक्याने बंद करावे. मग पंप पंधरा-वीस वेळा जोराने खालीवर करावा. पाण्याच्या दाबाने गोळा सुटतो. केस अडकले असतील, तर तारेच्या टोकाला आकडा करून ते ओढून काढावेत.

एवढे करूनही उपयोग झाला नाही, तर घरातील मोठ्या माणसांच्या मदतीने वळणाचा भाग उघडावा. खाली बादली ठेवण्यास विसरू नये. घाण बादलीत काढावी आणि तो भाग धुऊन पुन्हा घट्ट बसवावा. मात्र मोरीत आधी रसायन टाकले असेल, तर पंप मारू नये आणि पाइपही उघडू नये. कारागिराला बोलवावे आणि रसायनाबद्दल प्रथम सांगावे.

मोरी तुंबूच नये म्हणून काय करता येईल? तेलकट भांडी धुण्यापूर्वी जुन्या कागदाने पुसावीत. चरबी थिजू द्यावी आणि कचऱ्याच्या डब्यात टाकावी. मोरीवर जाळी बसवावी. चहाचा चोथा धुऊन कुंडीतील झाडांना घालावा.

मोरीत टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती फक्त आपल्या नजरेआड होते. घरातून ती गटारात जाते आणि तिथेही अडकते. सुरक्षेची साधने न देता कोणालाही गटार साफ करायला उतरवू नये, असा कायदा आपल्या देशात २०१३ साली झाला. तरीही गटारात उतरलेल्या माणसांचे जीव गेले आहेत. म्हणून मोरीत काही टाकण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : हे पुढे कोणाला काढावे लागेल?