एकाच अक्षांशावरील दोन प्रदेश : नाशिकच्या वाईनची निर्मिती, साठवण आणि आस्वाद

प्रस्तावना

पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान होय. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे असून त्यांच्या उपदेशात व्यसनमुक्तीला मानाचे स्थान आहे. अशा गावात बसून वाईनविषयी लेखन करणे काहींना विसंगत वाटेल. तथापि मद्यपानाचा पुरस्कार हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. एक पीक, त्यावरील प्रक्रिया आणि त्यातून उभा राहिलेला प्रदेश समजून घेणे एवढाच तो आहे. नकाशा समोर ठेवला असता दिसते की, नाशिक आणि वाशीम ही दोन्ही शहरे साधारणपणे २० अंश उत्तर अक्षांशावर आहेत. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीतही फार मोठी तफावत नाही. दोहोंच्या पायाखाली दख्खनचा बेसाल्टच आहे. तरीही एक जिल्हा देशातील वाईन-उद्योगाचे केंद्र झाला आणि दुसरा प्रामुख्याने सोयाबीन-तुरीचा कोरडवाहू जिल्हा राहिला. हे सर्व निसर्गानेच घडविले काय?

वाईनचा प्रदेश कसा घडतो?

पोर्तुगालमधील डोरो नदीच्या खोऱ्याची सीमा १७५६ मध्ये शासकीय आदेशाने आखली गेली. फ्रान्सने १९३५ मध्ये कायदा करून प्रदेशनामांच्या वापरावर नियंत्रण आणले. म्हणजे जेथे मातीचे गुणगान सर्वाधिक होते, तेथेही प्रदेशाची रेषा अखेर शासनानेच कागदावर ओढलेली आहे.

नाशिकची कथा याहून वेगळी नाही. हिवाळ्यातील थंड रात्री ही तेथील निसर्गाची देणगी खरी. निफाडचा पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली उतरतो. विदर्भातील उन्हाळा नाशिकपेक्षा कडक असतो हेही मान्य केले पाहिजे. परंतु त्याखेरीज गोदावरीवरील गंगापूर धरणाचे पाणी, मुंबईची जवळची बाजारपेठ आणि खाण्याच्या द्राक्षांची लागवड करणारा अनुभवी बागाईतदार या गोष्टी आधीपासून उपलब्ध होत्या. ऐंशीच्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी शॅटो इंडेज ही कंपनी उभी केली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला व्हिनयार्ड्सची लागवड केली व २००० मध्ये तिची पहिली वाईन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून उत्पादन शुल्कात सवलत दिली. नाशिक जिल्ह्यातील विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाईन पार्क निर्माण झाले. पुढे ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. पश्चिम विदर्भातील सिंचनाच्या अनुशेषाची चर्चा मात्र १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून चालू आहे. दोन जिल्ह्यांतील अंतर अक्षांशापेक्षा पाण्याने आणि धोरणाने अधिक वाढविले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या यशाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. वाईनच्या द्राक्षाचा मणी लहान, बियांचा आणि जाड सालीचा असतो. तो खाण्यासाठी विकला जात नाही. त्यामुळे शेतकऱ्याचा ग्राहक एकच, तो म्हणजे वाईनरी. २००८ नंतरच्या मंदीत वाईनचे साठे पडून राहिले, द्राक्षांची उचल मंदावली आणि अनेक शेतकऱ्यांनी उभ्या बागा काढून टाकल्या. ‘आपल्याकडेही हे पीक का नको?’ असे विचारणाऱ्या विदर्भातील शेतकऱ्याला हा भाग आधी सांगितला पाहिजे.

उलटे ऋतुचक्र

युरोपात वेल हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेतो, वसंतात फुटतो आणि शरदात फळ देतो. आपल्या उष्ण प्रदेशात त्याला अशी विश्रांती मिळत नाही. मोकळा सोडल्यास तो वाढतच राहतो. म्हणून येथे ऋतूचे काम कात्री करते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि त्यानंतर फुटलेल्या काड्यांमध्ये फळधारणेचे डोळे तयार होतात. पावसाळा ओसरताना गोड छाटणी होते व त्यानंतर घड येतात. तोडणी साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात चालते.

यातूनच नाशिकच्या वाईनचा स्वभाव ठरतो. युरोपात घड पिकत असताना दिवस थंडावत जातात, तर नाशिकला ते तापत जातात. उष्णतेने मण्यातील आम्ल, विशेषतः मॅलिक आम्ल, झपाट्याने घटते आणि साखर वाढत राहते. तोडणीस उशीर झाला तर वाईन सपक होते; घाई केली तर कच्चा, हिरवट वास राहतो. ही योग्य वेळ काही दिवसांचीच असते. म्हणून तोडणी शक्यतो पहाटेच्या गारव्यात उरकतात. गोड छाटणीनंतरचा परतीचा पाऊस आणि तोडणीच्या तोंडावरची गारपीट ही संकटे वेगळीच.

किण्वन

द्राक्षापासून आसव करणे आपल्याला अपरिचित नाही. आयुर्वेदातील द्राक्षासव हे किण्वनाचेच फळ असून त्यात धायटीची फुले घालतात, कारण त्यांच्याबरोबर किण्व येते. वाईनरीत हेच काम निवडलेले यीस्ट करते. ते रसातील साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करते. लिटरभर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून १ टक्का मद्यार्क निर्माण होतो. म्हणून २२ ब्रिक्सच्या रसापासून १२ ते १३ टक्के मद्यार्काची वाईन मिळते. येथे ऊर्ध्वपातन नाही. मोहाची दारू आणि वाईन यांतील मूलभूत भेद हाच.

रंग रसात नसतो, सालीत असतो. पांढऱ्या वाईनसाठी रस साली वेगळ्या करून सुमारे १२ ते १८ अंशांवर आंबवितात. लाल वाईनमध्ये साली रसातच ठेवून तापमान २२ ते ३० अंशांपर्यंत जाऊ देतात. सालीतून व बियांतून टॅनिनही उतरते. किण्वनाच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो व प्राणघातक ठरू शकतो. ज्वारीचे पेव उघडल्यावर माणूस उतरण्यापूर्वी आत कंदील सोडून पाहणाऱ्या आपल्या पूर्वजांना हा धोका ठाऊक होता.

साठवण

आसवाचे तूप माखलेले मातीचे भांडे तोंड बंद करून धान्याच्या राशीत ठेवण्याची जुनी रीत आहे. धान्यात तापमान फारसे बदलत नाही, अंधार असतो आणि भांडे हलत नाही. वाईनच्या साठवणीची सूत्रे हीच आहेत : १२ ते १५ अंशांचे स्थिर तापमान, अंधार आणि निश्चलता. बुचाची बाटली आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओले राहून हवा आत शिरत नाही. फिरकीच्या झाकणाला त्याची गरज नाही. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर जाणाऱ्या प्रदेशातील उघड्या फडताळात वाईन काही आठवड्यांतच शिजल्यासारखी होते. जितकी जुनी तितकी उत्तम, हा समजही बहुतांश वाईनच्या बाबतीत चुकीचा आहे. आपल्याकडील पांढऱ्या वाईन प्रायः एक-दोन वर्षांतच संपविण्यासाठी बनविलेल्या असतात.

आस्वाद

परीक्षक प्रथम रंग पाहतो, मग पेला फिरवून वास घेतो, शेवटी घोट तोंडात खेळवितो आणि बहुधा थुंकून टाकतो. परीक्षणासाठी पिणे आवश्यक नाही. वासासाठी युरोपीय पुस्तके आपण न पाहिलेल्या बोरांची नावे देतात. नाशिकच्या सोव्हिन्यॉं ब्लाँमध्ये मराठी नाकाला पेरू सहज सापडतो. चवीच्या बाबतीत आपली भाषा समृद्धच आहे. अनेक विद्यार्थी आंबट आणि तुरट यांत गल्लत करतात, असा वर्गातील अनुभव आहे. त्यासाठी वाईनची गरज नाही. एका पेल्यात लिंबाचे पाणी व दुसऱ्यात बराच वेळ उकळलेला कोरा चहा घ्यावा. पहिल्याने तोंडाला पाणी सुटते. दुसऱ्याने जीभ आणि हिरड्या कोरड्या पडून आवळल्यासारख्या होतात. पहिले आम्ल, दुसरे टॅनिन.